१० मीटर नेमबाजी: ८० हजारांच्या आत भरवशाची एअर रायफल कोणती? (ठाणे–नवी मुंबई)

पारसिक_हिल
मुलगी आठवीत आहे, १३ पूर्ण. उंची १५२ सेंमी, अंगाने बारीक. क्लबच्या रायफलवर सराव चालू आहे, आता स्वतःची घ्यायची म्हणते. बजेट ८० हजार, फार तर पाच-सात हजार वर. घर कळव्यात, दोन खोल्या आणि हॉल. तिला "स्वप्नील कुसाळेसारखी" हवी आहे, तो भाग सोडा. नवी देशी घ्यावी की जुनी परदेशी? स्प्रिंगची की हवेच्या सिलिंडरची? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे कारणांसकट सांगितलंत तर बरं होईल.

पीपसाइट
कुसाळेचं आधी मिटवून टाकू. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं त्याचं कांस्य ५० मीटर थ्री पोझिशनमधलं आहे. ती .२२ ची बंदूक, तिला शस्त्र परवाना लागतो आणि तिचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही. तुम्हाला हवी आहे ४.५ मिमी म्हणजे .१७७ ची एअर रायफल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतचं तोंड आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल साडेसात ज्यूलच्या आसपासच असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहून कमी. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेईल, ती द्या. पक्कं बिल मात्र घ्याच आणि त्यावर रायफलीचा क्रमांक आहे की नाही ते बघा.

दुसरं, .२२ ची एअर रायफल कोणी "जरा दमदार आहे, घ्या" म्हणून गळ्यात मारत असेल तर हात जोडा. तिला परवाना लागतो आणि १० मीटरच्या स्पर्धेत ती चालतही नाही.

शहापूर_फाटा
धागा बघून विचारतो, अवांतर वाटलं तर क्षमस्व. आमच्याकडे शहापूरला भाताचं शेत आहे, रानडुकरं हैदोस घालतात. मध्यम भावातली शिकारीची रायफल कोणती चांगली?

रेंजमास्तर
कोणतीही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे, आपण आपल्या शेतात उभे असलो तरी. पिकाचं नुकसान झालं की वनविभागाकडे अर्ज आणि पंचनामा, त्यातून भरपाई. उपद्रवी जनावर मारायची परवानगी द्यायची की नाही, हे कलम ११ खाली वन अधिकाऱ्यांनी ठरवायचं असतं. पीक राखणीच्या बंदुकीचा परवाना हा शस्त्र कायद्यातला वेगळा विषय आहे. तो हातात आला म्हणून शिकारीची मुभा मिळत नाही.

आणि एअर रायफलने डुक्कर हुसकवायचा विचार मनात आला असेल तर तोही काढून टाका. साडेसात ज्यूलचा छर्रा कातडीखाली अडकतो, जनावर आठवडाभर सडत मरतं. कबुतरं, माकडं, गल्लीतली कुत्री यांनाही हेच लागू. त्यासाठी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहेच. आता मूळ धाग्याकडे येऊ.

छर्रा_४५
एअर रायफलीत हवा तीन प्रकारे दाबली जाते. रायफल निवडताना सगळं त्यावरून ठरतं, नावावरून नाही.

स्प्रिंग पिस्टन: नळी मोडून किंवा बाजूचा लिव्हर ओढून स्प्रिंग दाबायची. ट्रिगर सोडला की जड पिस्टन पुढे धावतो, रायफल मागे ढकलली जाते, मग पिस्टन टोकाला आदळून तिला पुढे झटका देतो. हे दोन्ही झटके छर्रा नळीत असतानाच बसतात. त्यामुळे पकड केसभर बदलली तरी गोळी वेगळीकडे. देशी बनावटीच्या दहा-पंधरा हजारांच्या आसपासच्या रायफली बहुतेक याच जातीच्या. शाळेच्या ओपन साइट (खाचेतून टोक बघून नेम धरायचा) गटासाठी चालून जातात. पुढे जायचं असेल तर या रायफलीने लागलेल्या सवयी मोडण्यातच एक मोसम जातो.

सिंगल स्ट्रोक न्यूमॅटिक, म्हणजे एसएसपी: बाजूचा लिव्हर एकदा पूर्ण उघडून बंद केला की एका शॉटपुरती हवा साठते. झटका नावालाच. सिलिंडर नाही, पंप नाही. फाइनवेर्कबाऊची ६०० मालिका, अनशुट्झ २००१ आणि २००२ ही त्यातली नावं. जुन्या बाजारात मिळतात.

प्री-चार्ज्ड न्यूमॅटिक, म्हणजे पीसीपी: भरलेल्या सिलिंडरमधून रेग्युलेटर दर शॉटला मोजून हवा सोडतो. आज स्पर्धेत जवळजवळ सगळे हेच वापरतात.

तुमच्या बजेटात नवी, पूर्ण मॅच दर्जाची परदेशी रायफल बसणार नाही. तिचा भाव लाखांतच. म्हणजे खरी निवड जुनी एसएसपी, जुनी पीसीपी किंवा प्राथमिक दर्जाची पीसीपी यांतलीच. फाइनवेर्कबाऊ ५०० किंवा हॅमर्ली एआर २० ही प्राथमिक दर्जातली नावं. भाव विचारून बघा, आयात मालाचा दर महिन्यागणिक हलतो.

तेलपाणी
जुन्या स्प्रिंग रायफलींना सरसकट मोडीत काढू नका. फाइनवेर्कबाऊ ३०० एस ही स्प्रिंगचीच, पण तिची सगळी यंत्रणा शॉटच्या वेळी रुळावरून मागे सरकते आणि झटका खांद्यापर्यंत येतच नाही. चांगल्या स्थितीतली मिळाली तर अजून कागदाला एकच भोक पाडते. जड आहे मात्र. १३ वर्षांच्या मुलीला उभ्याने धरून ठेवायला नकोच.

वाशी_सेक्टर९
माझं मत थोडं वेगळं. एसएसपी स्वस्त पडते हे खरं, पण लिव्हर किती जोर मागतो ते बघा. सरावाला ६० शॉट, वर साइटिंगचे (नेम जुळवायचे) वीस, म्हणजे ऐंशी वेळा लिव्हर. दर वेळी रायफल खांद्यावरून खाली येते आणि उभं राहायची ठेवण मोडते. मोठ्या माणसाला ते जमतं. या मुलीचा उजवा खांदा पन्नासाव्या शॉटलाच थकेल आणि शेवटची वीस मार्कं तिथेच गळतील. लहान चणीच्या मुलांना पीसीपीच द्यावी.

छर्रा_४५
या बाबतीत वाशीकरांना अनुमोदन. बाबा किंवा आई शेजारी उभं राहून लिव्हर मारून देतात असंही काही ठिकाणी दिसतं. स्पर्धेत ते चालणार नाही.

घोडबंदरकर
रायफल कोणती यापेक्षा ती अंगाला बसते का, हे आधी बघा. चांगल्या स्थितीतली कुठलीही मॅच नळी १० मीटरवर तुमच्या मुलीपेक्षा पुढची दहा वर्षं अचूकच असणार आहे. न बसणारी रायफल मात्र पहिल्या दिवसापासून मार्क खाते. खरेदीला मुलीला, तिच्या जॅकेट आणि बुटांसकट, घेऊन जा. बघायचं ते असं:

बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारी मागची पट्टी, खांद्याच्या खोबणीत, डोकं सरळ, मान पुढे ताणलेली नाही. या स्थितीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर पडला पाहिजे आणि बोट सरळ मागे ओढलं गेलं पाहिजे. बोट आडवं पडलं की ट्रिगर दाबताना नळी बाजूला जाते. १५२ सेंमीच्या मुलीला बट प्लेट जवळजवळ पूर्ण आत घ्यावी लागेल. आत घेऊनही लांब वाटत असेल तर ती रायफल सोडा. "मोठी होईल तशी बसेल" हे शाळेच्या गणवेशाला ठीक आहे.

चीक पीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, वर-खाली आणि आत-बाहेर दोन्ही सरकला पाहिजे. गाल टेकवला, डोळे मिटून उघडले, की पीपच्या (मागच्या साइटमधल्या बारीक भोकाच्या) मधोमध टार्गेट दिसलं पाहिजे. मान वळवून शोधावं लागत असेल तर चीक पीस चुकीचा आहे.

डावा हात: उभ्या पोझिशनमध्ये कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि रायफल त्या खांबावर उभी राहते. हात आखूड असेल तर रायफल खाली येते आणि मुलगी मान वाकवते. म्हणून स्टॉकच्या (रायफलीच्या दांड्याच्या) पुढच्या भागाखाली उंची वाढवणारा ब्लॉक लागतो. तो रायफलीबरोबर आहे का, नसला तर बसवता येतो का, ते विचारा. जुन्या लाकडी स्टॉकमध्ये बऱ्याचदा नसतो.

वजन: नियमाची कमाल मर्यादा साडेपाच किलो. तिने त्याच्या जवळपासही जायचं कारण नाही. चार किलोच्या आसपासची घ्या. पुढे जास्तीची वजनं लावता येतात, जड रायफल हलकी करता येत नाही.

पारसिक_हिल
ती उजव्या हाताने लिहिते, पण क्लबमधल्या ताई म्हणाल्या डावा डोळा "मास्टर" आहे. मग?

रेंजमास्तर
खात्री करून घ्या. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोण करायचा, त्यातून दूरचा दिवा बघायचा आणि हात हळूहळू चेहऱ्याकडे आणायचे. ज्या डोळ्याकडे हात जातात तो मास्टर. तीन वेगवेगळ्या दिवशी बघा. डावाच निघाला तर कोचशी बोलून डाव्या खांद्यावरून सुरुवात करायची का ते आधी ठरवा आणि मगच रायफल घ्या. उजव्या हाताची ग्रिप आणि चीक पीस डाव्याला चालत नाही. दोन्ही बाजूंना बसणारी ग्रिप काही प्राथमिक रायफलींना मिळते, त्याचा विचार करा. उजव्याच खांद्यावर राहायचं ठरलं तर डाव्या डोळ्यासमोर पांढरी पट्टी लावायची. तिची रुंदी नियमाने ३० मिमीपर्यंतच.

तेलपाणी
आता जुन्या पीसीपीबद्दल, कारण शेवटी तुम्ही तिथेच येणार.

सिलिंडर: त्यावर बनावटीची तारीख कोरलेली असते. उत्पादक मुदत ठरवून देतो, बहुतेक जुन्या सिलिंडरांना १० वर्षांची. मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेला गेलात तर जबाबदारी नेमबाजाचीच. मोठ्या स्पर्धेत तपासणीच्या टेबलावरूनच परत पाठवतात. रायफल २०१० ची असो की २०१५ ची, नळीला काही होत नाही. म्हणून विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीतून नव्या सिलिंडरचा भाव सरळ वजा करा आणि मग महाग की स्वस्त ते बघा. आणि सिलिंडरचे आटे प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात. "कुठलाही बसतो" म्हणणाऱ्याकडून काहीच घेऊ नका.

दाब: फाइनवेर्कबाऊ २०० बारची, वॉल्थरची ३०० बारची. सिलिंडरवर कोरलेला आकडाच खरा. तुमच्या क्लबमध्ये भरायची मोठी टाकी २०० बारची असेल तर ३०० बारचा सिलिंडर कधीच पूर्ण भरणार नाही. आधी तिथे चौकशी करा, मग रायफल बघा.

गळती: रात्री दाबाचा आकडा लिहून ठेवा, दुसऱ्या रात्री त्याच वेळी, त्याच खोलीत बघा. त्याच खोलीत असं मुद्दाम सांगतोय. २०० बारचा सिलिंडर एसीच्या २२ अंशांतून दुपारच्या ३४ अंशांत आला की आकडा आपोआप आठेक बार वर जातो. रात्री गार झाला की तेवढाच खाली. लोक याला गळती समजून ओ-रिंग बदलत बसतात. याच हिशेबाने मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत २०० चे सव्वादोनशे होतात. सिलिंडर गाडीत ठेवू नका.

रेग्युलेटर: क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर) दहा शॉट मारा. वेग १७० मीटर प्रतिसेकंदाच्या जवळपास हवा आणि सगळ्यात मोठ्या-छोट्या आकड्यात तीनेक मीटरपेक्षा जास्त फरक नको. मग रायफल अर्धा तास तशीच ठेवा आणि पुन्हा एक शॉट. हा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा बराच वेगवान निघाला तर रेग्युलेटरची सीट झिजली आहे, बंद असतानाही हवा पुढे झिरपते. दुरुस्त होतं, पण मेकॅनिक आणि सुटा भाग दोन्ही शोधावे लागतात.

सीबीडी_बेलापूर
@तेलपाणी, पाच मीटरच्या फरकाने १० मीटरवर असा काय फरक पडतो? इतकं जवळचं टार्गेट आहे.

तेलपाणी
हिशेब करा. छर्ऱ्याला १० मीटर जायला ०.०६ सेकंद लागतात, तेवढ्यात तो १८ मिमी खाली येतो. वेग ३ टक्क्यांनी बदलला की पडणं ६ टक्क्यांनी बदलतं, म्हणजे एक मिमीच्या वर. या टार्गेटवर दोन रिंगांत अडीच मिमीचं अंतर आहे आणि मोजणी दशांशात होते, दर पाव मिमीला ०.१. म्हणजे एका शॉटमागे ०.४ मार्क गेले, मुलीचा काही दोष नसताना. ६० शॉटमध्ये दहा-बारा वेळा असं झालं तर चार-पाच मार्क. जिल्हा पातळीवर तेवढ्यात दोन-तीन जागा खाली-वर होतात.

पीपसाइट
साइटकडे कोणी वळलं नाही अजून. जुन्या रायफलीत सगळ्यात आधी झिजते ती मागची साइट.

चौकोनाची चाचणी करा. रायफल टेबलावर पिशवीत टेकवा, एक शॉट मारा. साइट २० क्लिक वर, शॉट. २० उजवीकडे, शॉट. २० खाली, शॉट. २० डावीकडे, शॉट. शेवटचं भोक पहिल्यावरच पडलं पाहिजे. मिलीमीटरभर बाजूला गेलं तर स्क्रूमध्ये ढिलाई आहे. मग दिशा उलटवून क्लिक करताना सुरुवातीचे एक-दोन क्लिक पोकळ जातात का ते बोटाला जाणवतं. साइट नवी घेणं म्हणजे चांगलाच खर्च, भाव करताना हे हातात ठेवा.

पुढच्या साइटच्या रिंगा मोठ्या घ्या. टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा. डोळ्यापासून ९० सेंमीवरच्या पुढच्या साइटपाशी तो पावणेतीन मिमीचा दिसतो. त्यावर ३ मिमीची रिंग लावली तर भोवती पांढरं जवळजवळ उरतच नाही, मूल कडा जुळवत बसतं, श्वास संपतो आणि मग घाईत ट्रिगर ओढतं. ४ मिमीच्या रिंगमध्ये चारी बाजूंना साठ शतांश मिमी पांढरं राहतं. तिला तिथून सुरुवात करू द्या.

वाशी_सेक्टर९
ट्रिगरचं: दोन टप्प्यांचाच हवा. पहिला टप्पा मऊ, मग एक स्पष्ट भिंत, मग शॉट. भिंतीनंतर घसरत जात असेल तर आत घाण किंवा जाड तेल. ५० ग्रॅमवर बसवून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. शिकणाऱ्याला शंभर ग्रॅमच्या वरच ठेवा, नाहीतर बोट टेकताच शॉट जातो आणि मुलं बोट ट्रिगरला लावायलाच घाबरतात. ड्राय फायरची (छर्रा न घालता नुसता ट्रिगर दाबायची) सोय आहे का तेही बघा. दोन खोल्यांच्या घरात तुमचा अर्धा सराव तोच असणार.

पारसिक_हिल
घरी सराव कसा करायचा? हॉलच्या भिंतीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जेमतेम सहा मीटर भरतं. सोसायटीच्या गच्चीवर चालेल का?

रेंजमास्तर
गच्चीवर मुळीच नाही. कठड्यावरून उडालेला छर्रा कुठे जाईल सांगता येत नाही, आणि शेजारच्या बिल्डिंगमधून कोणी "गच्चीवर बंदूकवाला" म्हणून फोन केला तर दुपार पोलीस चौकीत जाईल.

घरात ड्राय करा, छर्रा न घालता. पाच मीटरवर टार्गेट लावायचं तर काळा गोल निम्मा, सव्वापंधरा मिमी. खऱ्या रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर असतो. घरी अंतर निम्मं झालं की डोळ्याच्या उंचीशी जो कोन येतो तोच राहिला पाहिजे. तिच्या डोळ्याची उंची उदाहरणार्थ १.४२ मीटर धरली तर टार्गेटचा मध्य १.४१ वर. हे न करता लोक टार्गेट सोयीच्या खिळ्यावर लावतात आणि मग रेंजवर मुलीची नळी सारखी खाली का जाते म्हणून विचारतात. टार्गेटवर दिवा चांगला हवा, रेंजवर किमान १५०० लक्स असतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली डोळ्याला ताण पडतो.

खरे छर्रे फक्त रेंजवर. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन. तुम्हाला कळव्यातून जे सोयीचं असेल ते. शाळेकडून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या स्पर्धेत नाव जाणार असेल तर ओपन साइट की पीप साइट, हे आधी क्रीडा शिक्षकांना विचारा. दोन्ही गट वेगळे असतात.

कोपरी_पूल
लोकलमधून नेताना काय करावं? ठाणे स्टेशनवर अडवतात का?

घोडबंदरकर
कडक केस, कुलूप, सिलिंडर काढून वेगळा, बोल्ट (छर्रा भरायची खिट्टी) उघडा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी आहे हे दाखवणारी पट्टी) नळीत. बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र केसच्या बाहेरच्या खिशात, आत नाही. कोणी विचारलं तर प्लॅटफॉर्मवर केस उघडून दाखवायची वेळ येऊ नये एवढं बघा. सकाळी आठ ते अकरा ठाण्याहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या गाडीत ती सव्वा मीटरची केस घेऊन चढायचा विचार करू नका. नवी मुंबई मेट्रोत स्कॅनर आहे, तिथे गार्डशी वाद घालण्यात अर्थ नाही. शक्यतो गाडी किंवा रिक्षा.

खारघर_टेकडी
कोणी हवा भरायच्या पंपाबद्दल लिहा. विक्रेता म्हणतो हातपंप घ्या, दोन-तीन हजार वाचतात.

तेलपाणी
हातपंपाचा हिशेब पाणी धरून करा. पावसाळ्यात खारघरला ३० अंश आणि ८५ टक्के दमटपणा असतो तेव्हा एक घनमीटर हवेत २६ ग्रॅम वाफ असते. ०.२ लिटरचा सिलिंडर रिकाम्यापासून २०० बारपर्यंत भरायला ४० लिटर मोकळी हवा लागते. त्यात एक ग्रॅमभर पाणी, वीसेक थेंब. दाबाखाली ते जवळजवळ सगळं थेंब होऊन बाहेर पडतं, काही पंपात, काही सिलिंडरमध्ये. जुलै-ऑगस्टभर असं भरत राहिलात तर रेग्युलेटरचे बारीक भाग गंजतात, आणि मग पुन्हा "पहिला शॉट वर जातो".

हातपंप घेतलाच तर सुकवणारा फिल्टर लावा, दर पन्नास-साठ झटक्यांनी थांबून पंप गार होऊ द्या आणि दर वेळी निचऱ्याची झडप उघडा. नुसतं १०० वरून २०० वर न्यायलाच २० लिटर हवा दाबावी लागते. शेवटचे ३० बार म्हणजे आईबाबांचा रोजचा व्यायाम.

त्यापेक्षा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात अग्निशमनाच्या श्वसन संचाचे सिलिंडर भरणाऱ्यांकडे चौकशी करा, किंवा क्लबच्या टाकीवर भरा. ती हवा वाळवलेली असते. स्वतःची मोठी टाकी घेतली तर तिच्यावर हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या मजबुतीच्या चाचणीची) तारीख बघा. आणि कोणी कितीही सांगो, वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन भरू नका. आत तेलाचा अंश असेल तर स्फोट होतो. भरताना झडप हळू उघडा. घाईत भरलं की सिलिंडर तापतो, आकडा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर १८५ वर येतो.

छर्रा_४५
छर्रे. सपाट डोक्याचे मॅच छर्रे घ्या, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असं डोक्याचं माप असतं. तिन्हीचा एकेक डबा आणून, टेकवून, प्रत्येकी पाच शॉटचे तीन ग्रुप (एकाच नेमावरचे पुंजके) मारा. चांगल्या नळीत एखादं माप असं निघतं की पाचही शॉटचं मिळून एक भोक सहा मिमीच्या आत बसतं. छर्रा स्वतः साडेचार मिमीचा आहे हे लक्षात घ्या. कुठलंच माप तिथे पोचत नसेल तर आधी नळी स्वच्छ करा, मग तोंडाची कडा भिंगातून बघा. तिथे बारीकशी जरी ठोकर असली तरी ग्रुप एका बाजूला फाटतो. ती रायफल विकत घेऊ नका.

साफसफाई फेल्टच्या गोळ्यांनी, पाचशे ते हजार शॉटनंतर, मागून पुढे. स्टीलचा गज नको. नळीत तेल नको. आणि छर्रे शिशाचे असतात, सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, हे मुलीला सांगून ठेवा.

सीबीडी_बेलापूर
पावसाळ्यात ठेवायची कशी? आमच्याकडे कपाटातल्या पट्ट्यांनाही बुरशी येते.

घोडबंदरकर
केसमधल्या फोममध्ये ठेवू नका, फोम ओल धरून बसतो. रेंजवरून आली की पुसून, केसबाहेर, पंख्याखाली तासभर. मग कपाटात उभी, शेजारी सिलिका जेल. निळ्याचं गुलाबी झालं की भाजून पुन्हा वापरा. साइटच्या काचेला आणि आयरिसला (भोक लहान-मोठं करायच्या झडपेला) बुरशी आधी धरते, म्हणून साइट काढून हवाबंद डब्यात ठेवा. लाकडी स्टॉक असेल तर सप्टेंबरात आणि एप्रिलमध्ये आतले दोन मुख्य स्क्रू टॉर्क रेंचने तपासा, लाकूड फुगतं-आकसतं आणि ग्रुप न सांगता सरकतो. ॲल्युमिनियमच्या स्टॉकला ही कटकट नाही. आपल्या हवेत मी तोच निवडेन, दिसायला कितीही रुक्ष असला तरी.

वाशी_सेक्टर९
आणि ८० हजार सगळे रायफलीत ओतू नका. जॅकेट, पँट, बूट, हातमोजा याशिवाय तिचं पाठीचं दुखणं सुरू होईल. जॅकेटच्या कापडाची जाडी नियमाने अडीच मिमीच्या आत हवी, जुनं घेताना हे मापून घ्या. मुलगी वाढीला लागलेली आहे, त्यामुळे जॅकेट जुनंच घ्या.

पारसिक_हिल
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. खारघरला एक वॉल्थर एलजी ३०० बघितली. ॲल्युमिनियम स्टॉक, बट प्लेट आत घेतल्यावर बसते तिला. विक्रेता ७५ हजार म्हणतो. सिलिंडरवर २०११ आहे. "चालतंय की अजून, गळत नाही" असं त्याचं म्हणणं.

तेलपाणी
गळत नाही हा मुद्दाच नाही, मुदत संपली आहे. तो सिलिंडर शून्य किमतीचा धरा. नव्या सिलिंडरचा लेखी भाव अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, तो ७५ मधून वजा करा आणि तिथून बोलणी सुरू करा. ३०० बारची रायफल आहे, म्हणजे क्लबची टाकी किती बारची ते आजच विचारा. क्रोनोग्राफ आणि चौकोनाची चाचणी त्याच्यासमोर करा. तो "तेवढा वेळ नाही" म्हणाला तर तुम्हालाही घाई नाही.

पीपसाइट
मूळ पेटी मागा. त्यात भरायचा अडॅप्टर आणि हवा सोडायचा स्क्रू असतो, दोन्ही वेगळे घ्यायला महाग पडतात. जुना सिलिंडर त्या स्क्रूने हळूहळू पूर्ण रिकामा करूनच टाकायचा. भंगारवाल्याकडे भरलेला देऊ नका, तो गॅस कटर लावेल.